एकास दहा : तारेच्या एका पिंजऱ्याची हकिगत

मामींनी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा विचारले, "पोपट आणणार आहात काय रे?" प्रश्न अगदीच गैरलागू नव्हता. वीतभर लांब, चार बोटे रुंद, सगळीकडून तारांनी वेढलेला आणि वजनाला एकशे दहा ग्रॅम अशी ती वस्तू होती. परंतु तीत पोपट बसावयाचा नव्हता, एक लाकडी बाहुली बसावयाची होती; आणि त्या बाहुलीच्या जागी पुढे आमचा एक चालताबोलता मित्र बसणार होता. हा पिंजरा मी कसा केला ते प्रस्तुत लेखात सांगणार आहे, आणि त्याने आम्हाला जवळजवळ कसे फसविले होते तेही.

रोल केज म्हणजे गाडी उलटली तरी आतल्या माणसाभोवतीची जागा शाबूत ठेवणारा नळ्यांचा सांगाडा. घरगुती मोटारीत तो वेगळा दिसत नाही, कारण ते काम छपराच्या व खांबांच्या पत्र्यातच वाटून दिलेले असते. शर्यतीच्या उघड्या गाडीला मात्र छप्पर नसते. तिथे चालकाचे डोके आणि जमीन यांच्यामध्ये हा सांगाडा असतो, दुसरे काही नसते.

आमचा त्याच्याशी संबंध आला तो 'बाजा'मुळे. ही अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची स्पर्धा. १९७६ साली अमेरिकेत साऊथ कॅरोलिना विद्यापीठात ती सुरू झाली, आणि मेक्सिकोतील बाहा कॅलिफोर्निया या द्वीपकल्पावर वाळूखडकांतून मोटारींच्या ज्या शर्यती होतात त्यांच्यावरून तिला नाव पडले. खरा उच्चार 'बाहा'. पण आपल्याकडे सगळे 'बाजा' म्हणतात आणि मीही तेच म्हणणार. भारतात २००७ साली ती प्रथम इंदूरजवळच्या पीथमपूरला भरली. तिथेच मोटारींच्या चाचणीचे ते प्रचंड केंद्र, नॅट्रॅक्स, उभे राहिले आहे, त्याच्या ११.३ किलोमीटर लांबीच्या वेगवान वर्तुळमार्गाचे उद्घाटन २०२१ साली झाले. बाजाच्या गाड्यांना अर्थातच असला गुळगुळीत रस्ता नको असतो. त्यांना खड्डे, दगड, चढ आणि चिखल हवा, आणि शेवटची शर्यत सलग चार तासांची असते.

नियमांतील एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे, कारण पुढची सारी भानगड तिच्यातून निघाली. आम्ही ज्या नियमांनी गाडी केली त्यांत इंजिन सर्वांना सारखेच, सुमारे दहा अश्वशक्तीचे. ते बदलावयाचे नाही, त्यात सुधारणा करावयाची नाही. मग पुढे जाणार कोण? ज्याची गाडी हलकी तो. त्यामुळे प्रत्येक चमू वजन कुठे कापता येईल ते पाहात असतो, आणि गाडीतील सर्वांत मोठी लोखंडी वस्तू म्हणजे हा पिंजरा. तो फार कापू नये म्हणून नियमांनी बंधने घातली आहेत. मुख्य नळ्या २५.४ मिलीमीटर बाह्य व्यासाच्या व ३ मिलीमीटर जाडीच्या, पोलादात कार्बन किमान ०.१८ टक्के. दुसऱ्या मापाची नळी घेतलीत तर वाकण्याला तिचा विरोध तितकाच आहे हे गणिताने सिद्ध करावयाचे. पाठीमागची मुख्य कमान उभ्या रेषेपासून २० अंशांपेक्षा जास्त कलता कामा नये. चालकाचे शिरस्त्राण आणि नळ्या यांत १५२ मिलीमीटर मोकळी जागा, अंगाभोवती ७६.

आमच्या चमूत पिंजरा माझ्याकडे होता. गाडी चालविणार होता माझा एक मित्र. त्याचा लेख आला असता तर तो याच अंकाच्या कन्नड विभागात आला असता, पण लिहिण्याचा त्याला कंटाळा. येथे त्याला मी सारथी म्हणतो. परीक्षा संपल्यावर आम्ही दोघे इंदूरला माझ्या मामांकडे गेलो. मामांची सारी नोकरी पीथमपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये झाली, आता ते निवृत्त आहेत. सारथ्याजवळ रेडिओवर चालणारी एकास दहा मापाची एक बग्गी होती. दोन दिवसांत मामांच्या गल्लीत ती इतक्या वेळा उलटली की तिचे प्लास्टिकचे कवच कुरडईसारखे झाले. तेव्हा मनात आले की आपल्या खऱ्या पिंजऱ्याचे आराखडे बरोबर आहेतच, तर तोच पिंजरा एक दशांश मापात करून या बग्गीवर बसवावा. खेळणेही वाचेल आणि नळी कापण्यापूर्वी आराखडाही तपासून होईल.

पंचवीस पूर्णांक चारला दहाने भागले की २.५४. एवढ्या जाडीची तार हवी होती. प्रथम मी सायकलच्या आऱ्या आणल्या. त्या दोन मिलीमीटरच्या, म्हणजे बारीक. पण खरी अडचण वेगळी होती. आरीची तार कडक असते. वाकवली तर हात सोडताच ती निम्मी परत येते, आणि चकचकीत स्टेनलेसची असेल तर साधा डाग तिला धरतच नाही. एक सबंध दिवस वाया घालवून ती सोडली. मग मामांनी वेल्डिंगच्या दुकानातून भरण्याची तार आणून दिली. मीटरभर लांबीच्या सरळ कांड्या, अडीच मिलीमीटर जाड, मऊ पोलादाच्या, वरून तांब्याचा पातळ मुलामा. ज्याला हे काम करून पाहावयाचे आहे त्याने दुसरे काही शोधू नये. पक्कडीने वाकते, कानशीने घासली जाते, तांब्यामुळे डाग चटकन धरते, आणि स्वस्त मिळते.

आता एक खुलासा. खऱ्या गाडीला नळी आणि मॉडेलला भरीव तार, हा फरक आहे. अडीच मिलीमीटरची आणि पाव-तीन दशांश जाडीची पोकळ नळी मला बाजारात मिळाली नाही. भरीव सळई नळीपेक्षा मजबूत असते हे खरे, पण किती? पंचवीस पूर्णांक चारच्या नळीत त्याच व्यासाच्या भरीव सळईच्या ४२ टक्केच पोलाद असते, तरी वाकण्याला ती सळईच्या ६६ टक्के विरोध करते. कारण मधले पोलाद वाकताना फारसे ताणलेच जात नाही; काम करते ते कडेचे. बांबू पोकळ का असतो याचे उत्तर यात आहे. आपल्या हिशेबासाठी एवढेच लक्षात ठेवावे की माझे मॉडेल मुळातच खऱ्यापेक्षा दीडपट ताठ होते.

आराखडा मी कागदावर मॉडेलच्या मापात काढला आणि प्लायवूडवर डकवला. प्रत्येक वळणाच्या आतल्या बाजूने चुका ठोकल्या आणि त्यांच्याभोवती तार वळवली. तार नेहमी थोडी जास्त वळवावी लागते, कारण ती थोडी परत येते. किती ते दोन-तीन तुकडे फुकट घालविल्यावर बोटांना कळते. पाठीमागच्या कमानीची दोन्ही टोके समोरासमोर आली, की काम निम्मे झाले. सारथी शेजारी उभा राहून "निधान, निधान" करीत होता. सावकाश कर, असा त्याचा अर्थ. चमूत आम्ही सगळे रागावलो की मराठीत बोलतो आणि सावध झालो की कन्नडमध्ये.

सांधे हा या कामातला सर्वांत समृद्ध आणि सर्वांत त्रासदायक भाग. एक गोल नळी दुसऱ्या गोल नळीला आडवी येऊन मिळते, तेव्हा टोक सरळ कापलेले असेल तर ते फक्त एका रेषेत टेकते. दोन्ही बाजूंना फट राहते. म्हणून टोकाला माशाच्या तोंडासारखी खाच पाडावी लागते, म्हणजे ते दुसऱ्या नळीला कवेत घेते. खऱ्या नळीला ही खाच यंत्रावर पाडतात. तारेला गोल कानशीने, भिंग लावून. मी आळस केला. टोके सरळ कापली, फटी कथलाने बुजविल्या, आणि सगळा पिंजरा एका संध्याकाळी उभा केला. दिसावयास तो सुंदर होता. बग्गीवर बसवून पहिल्याच उलटीला त्याचे पाच सांधे सुटले.

मामांनी मला सराफ्यात त्यांच्या ओळखीच्या एका सोनारकाकांकडे नेले. इंदूरचा सराफा रात्री खाण्यासाठी प्रसिद्ध आहे, पण दिवसा तो खरोखरच सराफा असतो. काकांनी पिंजरा हातात घेतला, खिडकीकडे धरला आणि म्हणाले, "सांध्यातून उजेड दिसतोय की रे. डाग हा भराव नव्हे. दोन तुकडे आधी एकमेकांना नीट भेटू देत, मग डाग." त्यांनी सांगितले त्यातले शास्त्र असे. कथील-शिशाचा साधा डाग १८० ते १९० अंशांच्या सुमारास वितळतो आणि स्वतः फार मऊ असतो. चांदीचा डाग सहाशे अंशांच्या वर वितळतो व पुष्कळच मजबूत असतो. परंतु तो केसाएवढ्या फटीत ओढला जाऊन पसरतो तेव्हाच. फट मोठी असेल तर तो नुसता थेंब होऊन बसतो. सांध्याला आधी टाकणखाराचा लेप द्यावयाचा, म्हणजे तापताना लोखंडावर गंज धरत नाही. आच डागाला न देता सांध्याच्या दोन्ही बाजूंच्या तारांना द्यावयाची. त्या पुरेशा तापल्या की डाग आपणहून आत धावतो. शेजारचा आधीचा सांधा पुन्हा वितळू नये म्हणून त्यावर ओला गेरू फासून ठेवावयाचा, कारण गेरूवर डाग चढत नाही. ही युक्ती मला एकाही पाठ्यपुस्तकात भेटली नव्हती.

दुसऱ्या पिंजऱ्याला नऊ दिवस लागले. खाचा पाडल्या, प्रत्येक सांधा उजेडासमोर धरून पाहिला. आधी चार कोपरे जोडून समोरासमोरच्या कोनांमध्ये दोरा ताणून दोन्ही कर्ण सारखे आहेत ना ते पाहावे, आणि मगच पुढे जावे. एका बाजूचे सगळे सांधे आधी केले तर निवताना तार आखडते व सांगाडा पिळतो. माझा एकदा पिळला होता.

याच ठिकाणी तिरप्या आधारांचेही सांगितले पाहिजे. चार तारांचा चौकोन बोटाने कोपऱ्यात दाबला तर पतंगासारखा कलंडतो. सांधे कितीही चांगले असोत, तारा वाकतात. एक कर्ण घातला की त्याचे दोन त्रिकोण होतात, आणि त्रिकोणाला आकार बदलावयाचा तर त्याची एखादी बाजूच लांब किंवा आखूड व्हावी लागते, जे पोलाद सहजासहजी होऊ देत नाही. आमच्या आजोळी जुनी बाज होती. तिची नवार सैल झाली की ती अशीच एका अंगाला कलत असे, आणि आजोबा कोपऱ्यातून कोपऱ्यात एक दोर ओढून तिला ताळ्यावर आणीत. नियमांप्रमाणे पाठीमागच्या कमानीला असा कर्ण हवाच. आम्ही त्याखेरीज चालकाच्या दोन्ही बाजूंना, खांद्याच्या जरा पुढे, दोन जादा तिरपे आधार आखले होते. नियमाने ते सक्तीचे नव्हते. दोन्ही मिळून नळी दोन मीटर, वजन ३.३ किलो.

ते ३.३ किलो आमच्या डोळ्यांत खुपत होते. सबंध पिंजऱ्याला २८ मीटर नळी, म्हणजे सुमारे साडेसेहेचाळीस किलो. त्यातून एवढे कमी झाले तर हवेच होते. म्हणून मी मॉडेल आधी या दोन आधारांवाचूनच पुरे केले. आत चन्नपट्टणची एक लाकडी बाहुली बांधली, आणि पिंजरा बग्गीवर न चढविता नुसताच टेबलावरून उलटा खाली सोडला. टेबल म्हणजे सुमारे एक मीटर नव्हते, म्हणून खाली एक डबा ठेवून उंची पुरी एक मीटर केली. खाली कोटा फरशी. पिंजरा खणकन वाजला, दोनदा उसळला आणि तसाच्या तसा राहिला. बाहुलीला ओरखडाही नाही.

आमचे गणित तयारच होते. एकास दहा, म्हणजे एक मीटरचे दहा मीटर! तिसऱ्या मजल्यावरून गाडी पडली तरी सारथी सुखरूप. त्याच रात्री आम्ही चमूला फोन करून कळविले की दोन्ही आधार काढा. सारथ्याने स्वतः फोन केला. वाचणारे वजन त्याच्याच वेगात जमा होणार होते.

मामा जेवताना सर्व ऐकत होते. ते एवढेच म्हणाले, "लांबीला दहाने भागलंत ते ठीक. पण पृथ्वीलाही दहाने भागलंत का?"

रात्री बसून हिशेब केला. लांबी दसपट कमी झाली की तारेच्या छेदाचे क्षेत्रफळ शंभरपट कमी होते आणि वजन हजारपट. म्हणून लहान वस्तू आपल्या वजनाच्या मानाने नेहमीच बळकट असते. मुंगीची कौतुके आपण ऐकतो ती याचमुळे. गॅलिलिओने हे १६३८ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात हाडांच्या उदाहरणाने मांडले आहे, आणि पहिल्या वर्षी आम्हाला ते शिकविलेही होते. परंतु शिकविलेले आणि सुचलेले यांत अंतर असते. आता पडण्याचा विचार करा. एक मीटरवरून पडणारी वस्तू, लहान असो की मोठी, जमिनीला टेकताना ताशी सुमारे १६ किलोमीटर वेगाने टेकते. तिची सगळी ऊर्जा पोलादाला पचवावी लागते. मॉडेलचे वजन हजारपट कमी, म्हणून त्याच उंचीवरून पडताना ऊर्जा हजारपट कमी. पण ती पचविणारे पोलादही हजारपट कमी. म्हणजे पोलादाच्या प्रत्येक कणाच्या वाट्याला येणारा मार तोच. एक मीटरवरून पडलेले मॉडेल हे एक मीटरवरून पडलेल्या खऱ्या गाडीसारखे असते, दहा मीटरवरून पडलेल्या नव्हे. रेडिओची बग्गी ताशी ३० किलोमीटरने धावली की ती तीनशेने धावते आहे असे डोळ्यांना वाटते. तारेला मात्र ते तीसच असतात.

शिवाय आमच्या परीक्षेत वजनही पुरे नव्हते. चालकासह गाडी २७० किलोची धरली तर मॉडेल २७० ग्रॅमचे हवे. आमचा पिंजरा बाहुलीसह दीडशे ग्रॅमचा. उलट बग्गीवर बसवून परीक्षा घेतली असती तर तीही खोटी ठरली असती, कारण बग्गी एकटीच १.६ किलोची, म्हणजे मापाच्या सहापट जड. (जे मित्र केवळ खेळण्यासाठी पिंजरा करतील त्यांनी हे विसरू नये. खेळण्याचा पिंजरा खेळण्याच्या वजनासाठीच आखावा. खऱ्या गाडीची माप-नक्कल तिथे कमी पडते.)

मग खरी परीक्षा कोणती? आमची गाडी ताशी ४० किलोमीटरने जाणार, तर मॉडेलही ४० नेच आपटले पाहिजे. त्याला उंची लागते ६.३ मीटर. मामांच्या गच्चीचा कठडा दोऱ्याने मोजला, जवळजवळ तेवढाच भरला. तळाला वाळूची पुरचुंडी बांधून वजन २७० ग्रॅम केले. मामींनी अंगणातली मुले हाकलली, आणि मी तो उलटा धरून सोडला.

तो कोपऱ्यावर पडला. वर आणला तेव्हा डावी बाजू आत आली होती आणि छपराची तार बाहुलीच्या डोक्याला टेकली होती. पंधरा मिलीमीटर जागा हवी तिथे शून्य. सांधा एकही सुटला नव्हता. तारा मधोमध वाकल्या होत्या, म्हणजे दोष डागाचा नव्हे, आखणीचा होता. सारथ्याने बाहुली सोडवून घेतली, तिच्या डोक्यावरचा रंगाचा टवका पाहिला, आणि काही न बोलता फोन घेऊन गच्चीच्या दुसऱ्या टोकाला गेला.

आधार घालून नवा पिंजरा केला, चार दिवसांत. तोही सोडला. वाकला, पण बाहुलीच्या डोक्यावर नऊ मिलीमीटर उरले. एवढ्यावरून खरी गाडी सुरक्षित आहे असे मी म्हणणार नाही. मॉडेल दीडपट ताठ आहे हे वर सांगितलेच आहे, आणि कोणत्या कोपऱ्यावर पडावयाचे हे गाडी आपल्याला विचारीत नाही. त्यामुळे असले मॉडेल 'हो' म्हणाले तर अर्धाच विश्वास ठेवावा. 'नाही' म्हणाले, आणि सांधे शाबूत असून म्हणाले, तर पुरता ठेवावा. उरलेला विश्वास संगणकावरच्या हिशेबाने व पोलादाच्या चाचणीने मिळवावा लागतो, आणि तो आम्ही परत आल्यावर मिळविला.

पुढचे थोडक्यात. खरा पिंजरा आमच्या कार्यशाळेत जोडला गेला. नियमांप्रमाणे जोडणाऱ्याने नमुन्याचे सांधे करून द्यावे लागतात. एक तुटेपर्यंत ओढावयाचा आणि दुसरा उभा चिरून आतपर्यंत धातू वितळला आहे की नाही ते दाखवावयाचे. पहिला नमुना चिरला तेव्हा आत फट दिसली. मी तो खिडकीकडे धरला आणि सोनारकाकांची आठवण झाली. पाचवा नमुना उत्तम निघाला. पीथमपूरला तपासणीत परीक्षकांनी शिरस्त्राणावरची जागा मोजली, १५२ च्या वर भरली, आणि गाडीला परवानगी मिळाली.

चार तासांच्या शर्यतीत आमची गाडी दोन तास दहा मिनिटे चालली. मग मागचा एक आस तुटला. गाडी उलटली मात्र एकदाही नाही, त्यामुळे ते दोन आधार कामाला येतात की नाही हे आम्हाला अजून ठाऊक नाही. सारथ्याच्या आईला मी हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, ठाऊक न होणेच बरे.

तिन्ही पिंजरे, म्हणजे सुटलेला, चेपलेला आणि वाकलेला, यंत्र विभागाच्या कपाटात ठेवले आहेत. बाहुली सारथ्याने परत दिलेली नाही. भरण्याच्या तारेच्या सात कांड्या आणि टाकणखाराची पुडी माझ्याकडे शिल्लक आहे. ज्यांना हवी असेल त्यांनी शनिवारी दुपारी कार्यशाळेत यावे, गोल कानस मात्र स्वतःची आणावी.